रक्तगटवाले लँडस्टायनर आणि माझं ब्लॉकिंग पेप्टाइड

ड्रायव्हिंग लायसन्सवर किंवा ब्लड डोनेशनच्या ॲपमध्ये तुमचा रक्तगट लिहिलेला असतो ना? तो कळतो कार्ल लँडस्टायनर यांच्यामुळे. शाळेत आपण त्यांच्याबद्दल एवढंच शिकतो. मला ते परत भेटले लॅबमध्ये, एका बोटभर ट्यूबमुळे. ट्यूबवर लिहिलं होतं, ब्लॉकिंग पेप्टाइड.

झालं असं की एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी गॅमा-एच२एएक्स मोजत होतो. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी त्या जागेजवळच्या एच२एएक्स प्रोटीनच्या १३९व्या सेरीनवर फॉस्फेट चिकटवते. रस्ता खचला की लाल झेंडा लावतात ना, तसंच. हा झेंडा ओळखणारी अँटिबॉडी विकत मिळते. माझ्या ब्लॉटवर १५ किलोडाल्टनच्या आसपास पट्टी आली, ती बरोबर. पण वरती अजून एक जाड पट्टी! आता अँटिबॉडीने नक्की कोणाला धरलंय? सिनियर ताईने पेप्टाइड लावून बघायला सांगितलं. ही युक्ती आली कुठून ते शोधत गेलो, तर थेट लँडस्टायनरच निघाले.

त्यांचा जन्म १८६८ चा, व्हिएन्नाजवळचा. वडील पत्रकार, ते कार्ल सहा वर्षांचा असताना गेले. आईने वाढवलं. डॉक्टर झाल्यावर पेशंट बघायचे सोडून हे गेले केमिस्ट्री शिकायला, काही काळ थेट एमिल फिशर यांच्याकडे. पुढे व्हिएन्नात साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदनं केली, आणि १९०१ मध्ये रक्तगट मांडले. पण डोक्यात केमिस्ट्री पक्की बसली होती.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार. १९१९ मध्ये ते कुटुंबासह नेदरलँड्समधल्या द हेगला गेले. तिथे एका छोट्या हॉस्पिटलात रक्त-लघवीच्या तपासण्या करायच्या. रक्तगट शोधणारा माणूस लघवी तपासतोय, विचार करा! पण त्याच काळात, १९२१ मध्ये, त्यांनी हॅप्टेन हा शब्द दिला. हॅप्टेन म्हणजे इतका लहान रेणू, की तो एकटा टोचला तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही. मोठ्या प्रोटीनला चिकटवून टोचला तर मात्र बनवतं.

मग न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. तिथे हा खेळ त्यांनी खरा रंगवला. प्रोटीनला छोटे रेणू चिकटवायचे, सशाला टोचायचे आणि सशाची अँटिबॉडी काय काय ओळखते ते बघायचं. रेणूवरचा एक गट शेजारच्या जागी सरकवला तरी तिला फरक कळायचा. १९३२ मध्ये त्यांनी व्हॅन डेर शीर यांच्यासोबत हेच लॅबमध्ये बनवलेल्या पेप्टाइडवर करून दाखवलं. ग्लायसीन आणि ल्युसीन, दोनच अमिनो आम्लं, पण ती कोणत्या क्रमाने जोडलीत हेही अँटिबॉडी ओळखायची.

यातली खरी गंमत पुढे आहे. अँटिबॉडी आणि तिचं प्रोटीन एकत्र आले की ट्यूबमध्ये साका बसतो. पण आधी तोच छोटा रेणू भरपूर सुटा टाकला, तर साका बसतच नाही. तोंडात घास कोंबलेला माणूस दुसरा घास कसा घेणार? ब्लॉकिंग पेप्टाइड ते हेच!

१९३० मध्ये नोबेल मिळालं, ते रक्तगटांसाठी. त्यांना स्वतःला मात्र हे अँटिबॉडीचं काम जास्त मोलाचं वाटायचं, असं सांगतात. मलाही तसंच वाटतं, पण माझं कोण ऐकतंय. १९४३ मध्ये, पंचाहत्तरीत, लॅबमध्येच काम करताना त्यांना हार्ट अटॅक आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

आता माझा ब्लॉट. अँटिबॉडीचे तीन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसऱ्यात फॉस्फेटवालं पेप्टाइड, तिसऱ्यात तेच पेप्टाइड पण बिनफॉस्फेटचं. बिनफॉस्फेटवाल्यात दोन्ही पट्ट्या जागेवर. म्हणजे अँटिबॉडी फॉस्फेट बघूनच धरतेय, मस्त. फॉस्फेटवाल्यात दोन्ही पट्ट्या गायब. मी खूश, दोन्ही खऱ्या!

ताईने डोक्याला हात लावला. घास कोंबल्यावर अँटिबॉडी कोणालाच धरणार नाही, खऱ्यालाही नाही आणि तोतयालाही नाही. शिवाय डीएनए तुटल्यावर हा झेंडा लावणारं एटीएम नावाचं एन्झाइम एकट्या एच२एएक्सवर थांबत नाही. सेरीनच्या पुढे ग्लुटामीन दिसलं की ते कितीतरी प्रोटीनवर फॉस्फेट लावतं. त्यातलं कोणीही वरच्या पट्टीत असू शकतं. पेप्टाइड सांगतं ते एवढंच, की अँटिबॉडी या आकाराला धरते. तो आकार कोणाच्या अंगावर होता, हे त्याला कुठून कळणार?

शेवटी दुसऱ्या एका लॅबकडून एच२एएक्सचं जीनच काढून टाकलेल्या पेशी मागवल्या. त्यात खालची पट्टी गायब, वरची जशीच्या तशी. तीन महिने मी दोन्ही पट्ट्या मिळून आकडे लिहीत होतो. सबमिशनला अठरा दिवस होते. सगळे ब्लॉट परत काढले आणि फक्त खालची पट्टी मोजायला बसलो.