केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आपल्या बेल्लमपल्लीप्रमाणे तेथे कोळशाच्या खाणी नाहीत. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील उजाड माळावर एका विधवेने जे गाव वसविले, त्याची कीर्ती सातासमुद्रांपलीकडे गेली. त्या विदुषीचे, पंडिता रमाबाईंचे, चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकणे त्या काळी निषिद्ध मानले जाई. परंतु शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या शिकविली आणि मातेने ती कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडे. पुढे दुष्काळ पडला. अन्नान्नदशा होऊन 1874 च्या सुमारास वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि थोरली बहीणही गेली. उरलेली भावंडे, श्रीनिवास व रमा, हजारो मैल पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वत्सभेने या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. पदव्यांपेक्षा त्या उपासमारीची आठवणच पुढे त्यांच्या अधिक कामी आली, असे आम्हांस वाटते.

1880 मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणीविवाह केला. संसार दोन वर्षेही टिकला नाही. 1882 च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने गाठले, आणि पदरी दहा महिन्यांची मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि वैद्यकी शिकण्याच्या हेतूने 1883 मध्ये इंग्लंडला प्रयाण केले. कानांनी नीट ऐकू येत नसल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या. लंडननजीक याच भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत असलेली पाहून रमाबाई विचारात पडल्या. ही करुणा येते कोठून, याचा शोध घेताना शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या ख्रिस्ताची कथा त्यांच्या वाचनात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. मात्र नव्या धर्मातील गुरुजनांपुढेही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. जे पटेना त्याविषयी त्या वाद घालीत. वेष त्यांनी साडीचाच ठेवला आणि मांसाहार कधी केला नाही.

अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने 11 मार्च 1889 रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी बालविधवा गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात धर्मप्रचार होणार नाही, असे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसत. यावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणी एका बाजूस सर्व दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. पालकांची धास्ती खोटी नव्हती. आणि स्वतःच्या खोलीचे दार लावून घेणे म्हणजे आपली श्रद्धा लपविणे, असे रमाबाईंस वाटत असेल तर तेही समजण्याजोगे आहे. सदन त्यांनी बंद केले नाही.

अमेरिकेचे साहाय्य दहा वर्षांपुरतेच ठरलेले होते. त्यानंतर सदनाचा खर्च फळबागेतून निघावा म्हणून त्यांनी केडगावी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. इतक्यात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बालपणी ज्यांनी उपासाने आईबाप गमावले, त्यांना पुण्यात स्वस्थ बसवेना. 1897 मध्ये त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ, शहरात त्यांना ठेवण्यास सरकारची मनाई. तेव्हा केडगावच्या शेतावरच राहुट्या व झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडांना रोज अन्नपाणी पुरविणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी आपल्या घरच्या स्वयंपाकावरून करावी. विहिरी खणल्या, शेती व गुरे राखली, हातमाग आणि तेलघाणा चालविला. वाचन, शिवण, स्वयंपाक हे सारे मुलीच शिकत आणि मुलीच शिकवीत. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन वर्ग चालविले. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. प्रार्थनेची वेळ ठरलेली असे, पण घाण्याची, मागाची वेळही तितकीच ठरलेली असे. प्रार्थना आणि काम यांत रमाबाईंनी उच्चनीच केले नाही.

सदनाच्या छापखान्यातही स्त्रियाच खिळे जुळवीत. याच छापखान्यासाठी रमाबाईंनी उतारवयात एक प्रचंड कार्य अंगावर घेतले. तत्कालीन मराठी बायबलची भाषा साध्या बायकांस कळत नसे. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर आरंभिले. या कामी त्यांची पंधराहून अधिक वर्षे गेली.

जिच्या हाती मुक्ती सोपवावयाची, ती मनोरमा 24 जुलै 1921 रोजी आईच्या आधीच निघून गेली. त्या आघातानंतरही पासष्टीजवळ आलेल्या रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी केडगावीच त्यांचे देहावसान झाले. ग्रंथाची छपाई मुक्तीतील स्त्रियांनी पुढे चालू ठेवली आणि 1924 मध्ये तो संपूर्ण प्रसिद्ध झाला.