संत अक्विला व संत प्रिस्किल्ला

संत अक्विला हे मूळचे पंत प्रांतांतील यहुदी; राहणें रोमचें. इ. स. ४९ च्या सुमारास सम्राट् क्लौद्यानें यहुद्यांस शहराबाहेर घालविलें, तेव्हां ते पत्नी प्रिस्किल्लेसह करिंथास आले. धंदा तंबू करण्याचा. संत पौलहि त्याच धंद्यांतले, म्हणून त्यांच्याच घरीं उतरले. तिघेहि एकत्र काम करीत. शब्बाथीं पौल सभास्थानांत उपदेश करीत.

पुढें हें जोडपें पौलांबरोबर इफिसास गेलें. तेथें अपुल्लो नामक मोठा वक्ता आला. त्यास योहानाचा बाप्तिस्मा तेवढा ठाऊक. उभयतांनीं चारचौघांत त्याचा पाणउतारा न करितां त्यास आपल्याकडे नेऊन उरलेलें नीट समजाविलें. पंडितास शिकविणाऱ्यांत तंबूवाल्याची पत्नीहि होती, हें आमच्या पुरुषमंडळीनें ध्यानांत घ्यावें! नव्या करारांत बहुतेक ठिकाणीं तिचेंच नांव आधीं येतें.

त्या काळीं देवळें कोठलीं? इफिसास आणि रोमला परतल्यावर तेथेंहि ख्रिस्तमंडळी यांच्याच घरीं जमे. दिवसाचें काम आवरून पाहुण्यांसाठीं जागा करणें हा त्यांचा नित्यक्रमच झाला असला पाहिजे. पौलांसाठीं तर त्यांनीं प्राणहि धोक्यांत घातले. अखेरच्या बंदिवासांतून तिमथ्याला लिहितांना पौलांनीं या उभयतांस आठवणीनें सलाम धाडला आहे.