शिक्षकांचा शास्त्रज्ञ : डॉ. विक्रम साराभाई

अग्निबाण म्हटला की डॉ. विक्रम साराभाई आठवतात. थुंब्याचे चर्च, सायकलवरून नेलेले अग्निबाणाचे भाग, ही हकीगत शाळकरी मुलांनाही पाठ आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. अग्निबाणातले मला फारसे कळत नाही. परंतु त्यांचे चरित्र वाचताना मन गुंतले ते दुसऱ्याच गोष्टीत. आपल्या देशातील अवकाश-संशोधनाचा पाळणा एका महाविद्यालयाच्या खोल्यांत हलला, आणि ज्यांनी तो हलविला त्यांना शिक्षकाचा कधी विसर पडला नाही.

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत, एका गिरणीमालकाच्या घरी झाला. आठ भावंडांसाठी आईवडिलांनी बंगल्यातच शाळा काढली होती. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून हेवा वाटतो, हे लपवीत नाही. आमच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असे आणि प्रयोग फळ्यावर होत.

ते केंब्रिजला शिकत असताना युद्ध पेटले. मायदेशी परतून त्यांनी बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. अंतराळातून पृथ्वीवर सतत येऊन आदळणारे हे अतिवेगवान कण. त्यांचे प्रमाण कमीजास्त होते, त्यावरून सूर्यावर काय चालले आहे याचा अंदाज बांधता येतो. १९४७ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन ते परत आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापिली. वय अवघे अठ्ठावीस! प्रयोगशाळेला इमारत नव्हती, एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूट या महाविद्यालयातील खोल्यांत काम चाले. कल्पना त्यांची, घराण्याच्या न्यासाचा पैसाही तीत होता. तरी संचालकपद त्यांनी हवामानखात्यातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांना दिले आणि आपण विश्वकिरणांचे प्राध्यापक झाले. मला त्यांच्या साऱ्या पदांत हेच पद मोठे वाटते.

तेथे विद्यार्थी हाताने यंत्रे जुळवीत, मोजमापे घेत, शिकत. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. एकनाथ चिटणीस हे याच शाळेतले. पुढे थुंब्याची जागा शोधण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेहून आणलेला होता. पण तो जुळवणारी, सोडणारी तरुण मंडळी आपली होती, त्यांतील काहींना आधी शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविले होते. यंत्र विकत मिळते, माणूस घडवावा लागतो, हा हिशेब त्यांनी पक्का ओळखला होता.

मग शाळा-कॉलेजांतील इतर शिक्षकांचे काय? ज्याने स्वतः कधी प्रयोग केला नाही तो पुस्तकच वाचून दाखविणार. म्हणून साठीच्या दशकात त्यांनी संशोधक आणि शिक्षक यांना एकत्र आणले आणि त्यातून अहमदाबादेत कम्युनिटी सायन्स सेंटर उभे राहिले. विद्यार्थ्याने, शिक्षकाने, कोणीही यावे, वस्तू हाताळून पाहावी, चुकावे, पुन्हा करावे. १९६८ च्या डिसेंबरात त्याच्या पायाभरणीला वृद्ध रामन आले आणि आकाश निळे का दिसते यावर बोलले. गुरूने शिष्याच्या अंगणात येऊन वर्ग घ्यावा, असाच तो प्रसंग.

१९६६ साली डॉ. भाभांच्या अपघाती मृत्यूनंतर अणुऊर्जा आयोगही त्यांच्याकडे आला. एका माणसाने इतकी ओझी घ्यावीत का, असे राहून राहून वाटते. तशाही धावपळीत त्यांनी संशोधक विद्यार्थ्यांना सोडले नाही. ३० डिसेंबर १९७१ च्या रात्री कोवळम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय बावन्न.

उपग्रहावरून खेड्यात शिक्षण न्यावे, यासाठी त्यांच्या हयातीतच, १९६९ साली, अमेरिकेशी करार झाला होता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे संच लागले. मुलांचे कार्यक्रम तर होतेच; पण सुट्टीत त्याच संचांपुढे प्राथमिक शिक्षक बसले आणि विज्ञान कसे शिकवावे ते शिकले. असे जवळजवळ पन्नास हजार शिक्षक. ते पाहायला विक्रमभाई नव्हते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. माझ्या आजोबांच्या गावच्या मास्तरांपर्यंत तो संच आला नाही.

(द्वितीय वर्ष, कला)