नामदार गोखले आणि प्रश्न विचारण्याची विद्या

ठाण्याच्या खाडीकाठी, तसेच भाइंदरच्या बाजूस, मिठागरांचे चौकोनी वाफे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. भरतीचे पाणी आत घ्यावे, उन्हाने ते आटू द्यावे आणि तळाशी राहिलेले मीठ ओढून त्याचे ढीग घालावेत, हा आपल्या जिल्ह्यातील फार जुना धंदा होय. समुद्राचे पाणी फुकट आणि सूर्याचे ऊनही फुकट. म्हणून मीठ ही जगातील सर्वांत स्वस्त वस्तू असावी असे कोणासही वाटेल. परंतु १८८८ सालापासून ह्या देशात मिठाच्या दर मणास, म्हणजे सुमारे ३७ किलोस, अडीच रुपये सरकारी कर पडत असे. मीठ तयार करण्याचा खर्च त्या मानाने अगदीच थोडा होता. ज्याच्या घरी भाकरीबरोबर मिठाखेरीज दुसरे काही नसे, त्यालाही हा कर चुकत नसे. पुढे १९०३ साली तो दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला. हे घडावे म्हणून वर्षानुवर्षे कायदेकौन्सिलात जे थोडे लोक झगडले, त्यांत अग्रभागी होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या हाती ना सैन्य होते, ना मतांचे बळ. होते ते केवळ आकडे, आणि सरकारी खात्यांना जाब विचारण्याची नुकतीच मिळालेली तुटपुंजी सवलत. तिचा उपयोग करण्यास ते कसे शिकले, हे विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. ह्या आठ रुपयांची जाणीव गोपाळरावांस जन्मभर राहिली. रस्त्यावरील दिव्याखाली बसून ते अभ्यास करीत, असे सांगतात. आणखी एक गोष्ट सांगतात ती अशी : शाळेत एकदा घरून करून आणावयाची गणिते एकट्या गोपाळचीच बरोबर आली, म्हणून गुरुजींनी त्याला वर्गात पहिल्या जागी बसविले. तेव्हा तो रडू लागला आणि म्हणाला, की आपण दुसऱ्याची मदत घेतली होती, ही जागा आपली नव्हे. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, पुढील आयुष्यात त्यांच्या सत्यनिष्ठेची ह्याहून फार कठीण परीक्षा झाली, हे मात्र इतिहासात नमूद आहे.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात व नंतर फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन करू लागले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले शालेय पुस्तक पुष्कळ वर्षे मुलांच्या हाती होते. ह्याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या हाताखाली सार्वजनिक कामाचे धडे त्यांनी घेतले. रानडे हे मोठे कडक गुरू. सरकारचे जाडे जाडे अहवाल वाचावयाचे, त्यांतील कोष्टके ताडून पाहावयाची, अर्जाचा मसुदा करावयाचा आणि तो पसंत पडेपर्यंत पुन्हा लिहावयाचा, असा हा अभ्यास होता. आकडेशास्त्रात गणेश व्यंकटेश जोशी ह्यांचेही मार्गदर्शन त्यांस लाभले. जोशी हे व्यवसायाने शिक्षक, पण सरकारी जमाखर्चाचा इतका जाणकार मनुष्य त्या वेळी क्वचितच असेल.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळराव विलायतेस गेले. साक्ष उत्तम झाली. अनुभवी अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीस हा एकतीस वर्षांचा प्राध्यापक डगमगला नाही. परंतु त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, आणि घरझडतीच्या वेळी गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांस मित्रांकडून आली. त्यांनी ती हकीकत पार्लमेंटातील सभासदांस सांगितली व वर्तमानपत्रातही प्रसिद्ध केली. पार्लमेंटात प्रश्न निघाला. स्टेट सेक्रेटरींनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. गव्हर्नर लॉर्ड सॅंढर्स्ट ह्यांनी आरोप साफ नाकारून पुरावा मागितला.

गोपाळराव परत आले ते मोठ्या संकटात. ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्यापैकी कोणीही नाव उघड करून पुढे येण्यास तयार होईना. रँडसाहेबांच्या खुनानंतर पुण्यात धरपकड चालू होती. भीती वाटावी हे स्वाभाविकच होते. पत्रे लिहिणारांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेणे गोपाळरावांस शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. पुराव्यावाचून आरोप चालू ठेवणेही त्यांस पटले नाही. त्यांनी जाहीर माफी मागितली, आणि तीही बिनशर्त. ह्याबद्दल स्वकीयांनी त्यांस भित्रे म्हटले. परकीयांनी खोटारडे म्हटले. लोकांत तोंड दाखविणे त्यांस कठीण झाले. तरीही ते घरात बसून राहिले नाहीत. पुढे प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा रोग्यांच्या सेवेस ते स्वतः उतरले.

ह्या प्रसंगी त्यांनी केले ते योग्य की अयोग्य, ह्याविषयी आजही दोन मते होऊ शकतील. पत्रांतील तक्रारी सर्वच खोट्या होत्या असे माफीवरून मुळीच सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते इतकेच, की सरकारपुढे मांडावयाची गोष्ट पुराव्यानिशी हाती असावी लागते. ज्याने एकदा ऐकीव माहितीवर विश्वास ठेवून इतकी किंमत दिली, त्याने पुढे एकही आकडा पडताळल्यावाचून तोंडातून काढला नाही.

अशा मनुष्यास १८९९ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात जागा मिळाली. त्या काळचे कौन्सिल म्हणजे आजची विधानसभा नव्हे. १८६१ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलाने पुढे आलेल्या कायद्याच्या मसुद्यापुरतेच बोलावयाचे, सरकारी खात्यांच्या कारभाराविषयी चकार शब्द काढावयाचा नाही, असा नियम होता. १८९२ च्या सुधारणेने अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या राजेसाहेबांनी विचारला. अधिकाऱ्यांची स्वारी दौऱ्यावर आली म्हणजे खेड्यातील दुकानदारांस शिधासामग्री पुरविताना जो त्रास होतो, त्याविषयी तो होता. राज्यकर्त्यांस पहिला प्रश्न एखाद्या मोठ्या तत्त्वाचा न विचारता गरीब वाण्याच्या तेलातुपाचा विचारला गेला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

परंतु ही मुभा फार तोकडी होती. प्रश्न आगाऊ लेखी द्यावा लागे. अध्यक्षांस तो नाकारता येई. उत्तर मिळाल्यावर त्यावर चर्चा करता येत नसे आणि पुरवणी प्रश्नही विचारता येत नसे. मग उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा, की उत्तर सरकारच्या स्वतःच्या तोंडचे असे आणि ते कौन्सिलाच्या दप्तरात कायमचे छापले जाई. लोकांनी सांगितलेली गोष्ट नाकारता येते. खात्याने स्वतः दिलेला आकडा त्याच खात्यास नाकारता येत नाही. म्हणून प्रश्न असा घडवावा लागे, की उत्तरात मत न येता माहिती यावी : किती, केव्हा, कोठे, कोणाच्या हुकमाने. मिळालेली ही माहिती पुढे अंदाजपत्रकाच्या दिवशी उपयोगी पडे.

१९०१ साली सर फिरोजशहा मेहतांच्या जागी गोपाळराव वरिष्ठ कौन्सिलावर निवडून गेले आणि मार्च १९०२ मध्ये त्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. सरकार मोठी शिल्लक दाखवून देश सुखी असल्याचे सांगत होते. गोपाळरावांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखविले, की ही शिल्लक सुबत्तेची खूण नसून गरजेहून अधिक कर घेतल्याचा पुरावा आहे. रुपयाचा भाव घसरत असताना तूट भरून काढण्यासाठी जे कर वाढविले, ते भाव सुधारल्यावरही तसेच ठेवले गेले होते. ज्या देशात नुकताच दुष्काळाने व प्लेगने संहार केला, तेथे मिठावर अडीच रुपये कर घेऊन तिजोरीत कोट्यवधी रुपये साठविणे अन्यायाचे होय, हा त्यांचा मुद्दा होता. मतास टाकले असते तर सरकारी बहुमताने तो क्षणात बुडाला असता; परंतु उत्तर देणे मात्र अवघड होते. पुढल्याच वर्षी मिठाचा कर उतरला, आणि प्राप्तीवरील कराची मर्यादाही पाचशेवरून हजार रुपयांवर नेण्यात आली. ही कपात एकट्या गोपाळरावांमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि दरवर्षी तोच मुद्दा नव्या आकड्यांनिशी मांडणारा मनुष्य समोर बसला आहे, ह्याची सरकारास जाणीव होती.

१९०९ च्या सुधारणांत ठराव मांडण्याचा आणि मूळ प्रश्नकर्त्यास पुरवणी प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. ह्या सुधारणा व्हाव्यात म्हणून गोपाळरावांनी विलायतेत जाऊन भारतमंत्री मोर्ले ह्यांच्या भेटी घेतल्या होत्या. नवा हक्क मिळताच १९१० साली त्यांनी नाताळ वसाहतीत करारबंद मजूर पाठविणे बंद करण्याचा ठराव आणला, व तो सरकारने मान्य केला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या बिलास मात्र यश आले नाही. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशभर अमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडले. अतिश्रमाने शरीर झिजलेले गोपाळराव १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास निवर्तले. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यांनी वापरलेले हत्यार आज पुष्कळ धारदार झाले आहे. लोकसभेत साधारणतः बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी असतो. एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न असतात. त्यांचे उत्तर मंत्री तोंडी देतात व कोणताही सभासद पुरवणी प्रश्न विचारू शकतो. दोनशेतीसपर्यंत अतारांकित प्रश्नांस लेखी उत्तर मिळते. मंत्र्यांनी उत्तरात दिलेले आश्वासन पाळले की नाही, हे पाहण्यास १९५३ पासून स्वतंत्र समिती आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशाविषयी विचारलेल्या प्रश्नातून मुंद्रा प्रकरण उघडकीस आले. न्यायमूर्ती छागला ह्यांनी चौकशी केली आणि अर्थमंत्र्यांस राजीनामा द्यावा लागला. उलटपक्षी, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून २००५ साली संसदेच्या अकरा सभासदांस आपली जागा गमवावी लागली, हेही विसरता येत नाही. हत्यार तेच, परंतु धरणारा हात शुद्ध नसेल तर त्याचे तेज जाते.

आपल्या ठाण्यापुरते बोलावयाचे तर १९७७ व १९८० साली येथून लोकसभेवर निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत असत. सरकारला हिशेब मागणाराने आपलाही हिशेब द्यावा, हा गोपाळरावांचाच कित्ता होय.

विद्यार्थी मित्रहो, पुण्याहून मुंबईस जाताना गोपाळराव ह्याच लोहमार्गाने कल्याण व ठाणे ओलांडून कित्येक वेळा गेले असतील. आज कल्याण-डोंबिवलीस गाडीची दाटी आहे, कोठे पाणी अपुरे आहे, कोठे पूल रखडला आहे. ह्याविषयी रागाने बोलणे सोपे आहे. परंतु कोणत्या फलाटावर, किती वाजता, किती दिवसांपासून, आणि कोणत्या खात्याने काय कबूल केले होते, हे शांतपणे लिहून काढून आपल्या प्रतिनिधीच्या हाती देणे कठीण आहे. प्रतिनिधीचा प्रश्न अखेर नागरिकाने जमविलेल्या माहितीइतकाच बळकट असतो. ज्या मुलाला उसन्या मदतीने मिळालेली पहिली जागा नको होती, आणि ज्या पुरुषाने सिद्ध न झालेला शब्द सर्वांसमक्ष मागे घेतला, त्याच्याच प्रश्नापुढे साम्राज्याचे अर्थमंत्री आपली कागदपत्रे पुन्हा चाळीत. आपल्या वहीतील उत्तर प्रथम आपणच ताडून पाहावे, हा त्याच्या चरित्राचा धडा शाळेतच गिरविण्यास आरंभ करता येईल.