रसायनाचार्य हॉफ्मन

आमच्या रायगड जिल्ह्यांत पाताळगंगेच्या कांठीं रसायनी नांवाची वसाहत आहे. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या तेथील कारखान्यांत पुष्कळ वर्षें ॲनिलीन व फॉर्माल्डिहाइड हीं द्रव्यें तयार होत असत. २०१७ सालीं तेथील बहुतेक काम बंद करण्याचें सरकारनें ठरविलें. या दोन्ही द्रव्यांच्या इतिहासांत एका थोर गुरूचें नांव येतें, तें म्हणजे ऑगस्ट विल्हेल्म हॉफ्मन यांचें.

हॉफ्मन यांचा जन्म ८ एप्रिल १८१८ रोजीं जर्मनींतील गीसेन येथें झाला. वडील शिल्पज्ञ होते. मुलानें प्रथम कायदा व भाषा यांचें अध्ययन आरंभिलें. परंतु त्याच विद्यापीठांत विख्यात लीबिग रसायनशास्त्र शिकवीत असत, व लवकरच हा तरुण त्यांचा शिष्य झाला. दगडी कोळशाच्या डांबरांतील ॲनिलिनाचें त्यानें कसून संशोधन केलें. १८४५ सालीं लंडन येथील नव्या रसायन महाविद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले. क्विनीन कृत्रिम रीतीनें बनविण्याची कल्पना त्यांनीं शिष्यांपुढें ठेविली. तिच्या मागें लागलेल्या अठरा वर्षांच्या पर्किनला १८५६ सालीं क्विनीन मिळालें नाहीं, पण जांभळा रंग मिळाला, आणि त्यांतून कृत्रिम रंगांचा धंदा उदयास आला. १८६५ सालीं एका व्याख्यानांत हॉफ्मन यांनीं क्रोके खेळाचे चेंडू रंगवून सळयांनीं जोडले व अणूंची रचना दाखविली. त्यांत कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा व ऑक्सिजन तांबडा होता. शाळेच्या प्रयोगशाळेंत आजही बहुधा हेच रंग दिसतात.

त्याच वर्षीं ते बर्लिनला प्राध्यापक झाले. १८६७ च्या सुमारास त्यांनीं मेथिल आल्कोहोलाची वाफ हवेसह तापलेल्या प्लॅटिनमवरून नेली व डोळ्यांस झोंबणारा फॉर्माल्डिहाइड वायु ओळखला. ५ मे १८९२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

पूर्वी सुतार जनावरांच्या कातडीहाडांचा सरस वापरीत. विसाव्या शतकांत युरिया व फॉर्माल्डिहाइड यांपासून स्वस्त कृत्रिम सरस निघाला. त्यानें लांकडाचे पातळ पापुद्रे जोडून प्लायवुड, व बारीक तुकडे दाबून पार्टिकल बोर्ड होऊं लागलें. परंतु या सरसाचे बंध उष्णता व ओलावा यांनीं हळूहळू तुटतात आणि तोच वायु पुन्हां बाहेर पडतो. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेंत म्हणूनच अधिक सावध राहावें लागतें. नव्या कपाटाचा उग्र वास केवळ नवेपणाचा नसतो. त्यानें डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें हा वायु मनुष्यांस कर्करोगकारक ठरविला.

पालकांनीं घाबरावें असें नव्हे, जाणून घ्यावें. फळी घेतांना तिची श्रेणी विचारावी. ई-१ श्रेणीच्या फळ्या हा वायु मर्यादित प्रमाणांतच सोडतात. फिनॉलचा सरस लावलेल्या फळ्यांतूनही तो फार कमी सुटतो. कापलेल्या कडा पट्टीनें झांकाव्या. मुलांच्या खोलींत नवें सामान आल्यावर खिडक्या उघड्या ठेवाव्या.

मुलांनो, हॉफ्मन यांनीं तो वायु ओळखून दाखविला. तो घरोघरीं कसा शिरेल हें त्यांना ठाऊक असणें शक्य नव्हतें. गुरूचें काम जेथें थांबतें तेथून शिष्याचें सुरू होतें. ईश्वरानें दिलेल्या बुद्धीनें नवी वस्तु निर्माण करावी, आणि तिच्यापासून शेजाऱ्यास इजा तर होत नाहीं ना, हेंही त्याच बुद्धीनें पाहावें. हें दुसरें काम आतां तुमच्याकडे आलें आहे, असें आम्हांस वाटतें.