फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि घरचा दुखणाईत

दुखणाईत इस्पितळातून घरी आला म्हणजे संकट टळले, असे पुष्कळांस वाटते. परंतु तेथे परिचारिका जे अहोरात्र करीत होत्या, ते घरी कोणी करावयाचे? हा भार बहुधा आई, पत्नी किंवा सून यांवर पडतो, आणि त्यांस ते काम कोणी शिकविलेले नसते. ही उणीव ज्या बाईंनी ओळखली, त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. देव आपणांस सेवेस बोलावीत आहे, अशी त्यांची १८३७ साली खात्री झाली. शुश्रूषेचे काम त्या काळी हलके समजत. म्हणून घरच्यांनी पुष्कळ वर्षे विरोध केला. तथापि १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथील प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत त्या शिकल्या. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रियांसह त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तेथे जखमांपेक्षा रोगांनीच अधिक शिपाई मरत होते. युद्धानंतर त्या स्वतः दीर्घकाळ दुखणाईत झाल्या, आणि पुढील बहुतेक काम त्यांनी आपल्या खोलीतूनच केले.

१८५९ च्या अखेरीस त्यांनी शुश्रूषेवर एक लहान पुस्तक लिहिले. ते परिचारिकांसाठी नव्हे, तर घरी रोग्याची काळजी वाहणाऱ्या स्त्रियांसाठी होते. १८६१ साली त्याची स्वस्त आवृत्ती कष्टकरी लोकांसाठी निघाली. खोलीत मोकळी हवा असावी, पण रोग्यास गारठा लागू नये. अंग व अंथरूण स्वच्छ ठेवावे. अन्न थोडे व वेळेवर द्यावे. उशाशी कुजबुज करू नये. आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच वैद्यास नेमके सांगावे, असा बोध त्यात आहे. आपण जवळ असता जे होते, ते आपण नसतानाही व्हावे, अशी व्यवस्था करणे त्यांस फार महत्त्वाचे वाटे.

१८६० साली लंडनमध्ये त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा निघाली. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी त्यांच्या सल्ल्याने १८६२ साली तेथे शाळा काढली. तेथील परिचारिका गरिबांच्या घरोघरी जाऊ लागल्या. खेड्यांत नुसती व्याख्याने पुरत नाहीत, हे जाणून १८९२ साली बकिंगहॅमशायर परगण्यात आयांना त्यांच्या घरी जाऊन आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करण्याच्या कामी त्यांनी साह्य केले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. तरी १८९४ साली येथील खेड्यांच्या स्वच्छतेवर त्यांनी निबंध लिहिला. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या.

खोपोली, खालापूर व कर्जतकडील दुखणाईत पनवेल-मुंबईच्या इस्पितळांतून परततात, तेव्हा हा धडा आपल्या कामाचा आहे. जी घरी शुश्रूषा करणार, तिने रजा मिळण्यापूर्वीच इस्पितळात जाऊन सर्व पाहून घ्यावे. कोणते औषध केव्हा, पथ्य काय, जखम कशी पुसावी, अंथरुणास खिळलेल्यास कुशीवर कसे व किती वेळाने वळवावे, आणि कोणते चिन्ह दिसताच तत्काळ परत न्यावे, हे विचारावे. गावातील उपदेशकाने ते मराठीत लिहून द्यावे, वाचून दाखवावे, आणि दोन-तीन दिवसांनी घरी जाऊन पाहावे. प्रार्थनेस जाणारे पाऊल ह्या कामासही जावो.