दह्यातले जंतू आणि एली मेचनिकॉफ

आपण राजांची, संतांची, देशभक्तांची चरित्रे वाचतो. मी आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे, ते जन्मभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. त्यांचे नाव एली मेचनिकॉफ. नाव जरा अवघड आहे, पण दोनदा म्हटले की जमते.

त्यांचा जन्म १८४५ साली खारकीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. तो मुलूख आता युक्रेन देशात आहे, तेव्हा तिथे रशियाच्या झारचे राज्य होते. किडे आणि झाडपाला गोळा करायचा त्यांना लहानपणापासून भारी नाद. विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत उरकला आणि पुढे ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. घरी मात्र सुख नव्हते. १८६९ साली लग्न झाले, तेव्हा पत्नीला क्षयाने इतके खाल्ले होते की लग्नाला तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. चार वर्षांत ती गेली. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते.

१८८२ साली ते इटलीतल्या मेसिना या समुद्रकाठच्या गावी राहिले होते. एके दिवशी घरची मंडळी माकडांची सर्कस बघायला गेली आणि हे एकटे घरी राहिले. तारामाशाचे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगातल्या फिरत्या पेशी बघता बघता त्यांच्या मनात आले, की याच पेशी शरीराची राखण करत असतील काय? लगेच उठले, बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी बघतात तो काय, काट्याभोवती पेशींचा गराडा! आपल्या पायात काटा मोडला की ठणकतो आणि पू होतो, तो असाच. मला चरित्रातला हा भाग सगळ्यात आवडला. या पेशींना आपण भक्षक पेशी म्हणू, कारण त्या आत शिरलेले जंतू गिळून टाकतात.

आता मेंढ्यांची गोष्ट. पालकांनी ही जरूर वाचावी. १८८६ साली ओडेसात लस तयार करणारी संस्था निघाली. मेचनिकॉफ तिचे प्रमुख झाले. माणसांना पिसाळलेल्या कुत्र्याची लस आणि मेंढ्यांना काळपुळीची लस, अशी कामे होती. काळपुळीला काही जण फाशी म्हणतात. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८१ साली या लसीने मेंढ्या वाचवून दाखवल्या होत्या. पण १८८८ साली ओडेसाच्या संस्थेची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या पटापट मेल्या. लस मेचनिकॉफ यांच्या मदतनिसांनी टोचली होती, ते स्वतः तिथे नव्हते. तरी बोल संस्थेलाच लागला. ज्याच्या दावणीचे एक जनावर दगावते त्यालाच त्याचे दुःख कळते, इथे तर कळपच्या कळप गेला. ते डॉक्टरकी शिकलेले नव्हते, म्हणून गावचे डॉक्टर आधीपासूनच विरोधात होते. त्याच साली ते ओडेसा सोडून पॅरिसला गेले. पाश्चर यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली आणि ते शेवटपर्यंत तिथेच राहिले.

१९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, जर्मनीच्या पॉल एर्लिख यांच्याबरोबर वाटून. एर्लिख यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की आईच्या दुधातून पिलांना रोगाशी लढायची ताकद मिळते. आमची आजी व्यालेल्या गाईचा चीक आधी वासराला पाजल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही, ते याचसाठी!

म्हातारपणी मेचनिकॉफ यांना दह्याने वेड लावले. आतड्यात कुजवणारे जंतू असतात, त्यांच्या विषाने माणूस लवकर म्हातारा होतो, असे त्यांचे मत. बल्गेरियातले खेडूत आंबवलेले दूध पितात आणि खूप जगतात, असे त्यांनी ऐकले होते. १९०५ साली ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्या दह्यातला जंतू शोधला होता. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबवलेले दूध घेत. १९१६ साली, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने ते वारले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत. बल्गेरियाचा तो जंतू माणसाच्या आतड्यात टिकून राहत नाही, हे नंतर कळले. पण चांगले जंतू वाईटांना हटवतात, हे त्यांचे म्हणणे वाया गेले नाही.

ते सिद्ध झाले कोंबड्यांत. १९७१ साली फिनलंड देशात कोंबड्यांमध्ये साल्मोनेला जंतू फार पसरला. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना आई नसते, त्यामुळे तिच्या पोटातले चांगले जंतू त्यांना मिळत नाहीत. नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नव्या पिल्लांना पाजले, तर साल्मोनेलाला आत जागाच उरली नाही. हे १९७३ साली छापून आले. पुढे युरोपात जनावरे लवकर वाढावीत म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालायला २००६ पासून बंदी झाली. मग खाद्यात चांगले जंतू आणि यीस्ट घालण्याकडे लोक जास्त वळले. त्यालाच प्रोबायोटिक म्हणतात. हे जंतू आतड्याची जागा अडवतात, आंबटपणा करतात आणि भक्षक पेशींनाही जागे ठेवतात. वासरांची हगवण त्याने कमी होऊ शकते, पण दर वेळी सारखाच गुण येतो असे नाही. लस टोचायची ती टोचावीच लागते. आणि हे जंतू जिवंत असतात, म्हणून त्याची पिशवी उन्हात टाकू नये, आणि ती पूड गरम पाण्यात कालवू नये.